थोरलीचं पाणी मोजणारा मास्तर

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, जीव माझा एवढासाच. पारदर्शक प्लास्टिकची एक चपटी डबी, आत एक काटा आणि कडेला आकडे. खारं पाणी माझ्यात रेघेपर्यंत भरलं की काटा वर उचलला जातो आणि पाण्यात मीठ किती आहे ते दाखवतो. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ, हा माझा सगळ्यात लाडका आकडा. तेवढं दाखवलं की माझं काम चोख झालं. माझी गोष्ट मात्र काम चोख न झाल्याची आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. एका दिवसात माझे शेकडो भाऊ जन्मले, सगळे हुबेहूब माझ्यासारखे. कोण कुठल्या घरी गेला, मला ठाऊक नाही. मी गेलो शोभेचे मासे विकणाऱ्या एका काकांच्या दुकानात आणि सहा महिने खिळ्याला लटकून राहिलो. मग एक दिवस जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी मला उजेडात धरलं, काटा अडकतो का ते बोटानं हलवून पाहिलं आणि म्हणाले, "चला मास्तर, आमच्या घरी शिकवणी आहे."

तेव्हापासून मी मास्तर. ते गृहस्थ चष्म्याच्या काचा घासणारे कारागीर होते. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहायचे. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला लागून चार फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात प्रवाळ होते.

आता प्रवाळ म्हणजे रंगीत दगड, असं कुणी म्हणालात तर मला राग येईल. प्रवाळ जिवंत असतात. दिवसा अंग फुलवतात, खातात, वाढतात, शेजारी फार जवळ आला तर त्याला डंखही मारतात. त्यांना पाणी स्वच्छ लागतं, ऊब आणि उजेड ठरलेला लागतो, आणि मीठ रोज तेवढंच लागतं. बोलून दाखवता येत नाही, म्हणून बिचारे अंग आक्रसून घेतात. ते ओळखायला नजर लागते. बाबांकडे ती होती.

टाकीच्या मधोमध थोरली बसलेली असायची. बाबांनी तिला आणलं तेव्हा ती अंगठ्याएवढी होती म्हणे. मी आलो तेव्हा परातीएवढी झाली होती. तिच्या साठ-सत्तर फांद्यांच्या टोकांना हिरवट मऊ बोटं होती आणि पाण्याच्या झोतात ती सारखी डुलायची. मुलीच्या जन्माआधी वर्षभर ती घरात आली, म्हणून तिचं नाव थोरली. मुलगी लहानपणी चिडायची म्हणे, "बाबा, ती माझी ताई कशी काय?" बाबा म्हणायचे, "आधी आली ती थोरली. आणि ती तुझ्यासारखी दप्तर विसरून शाळेत जात नाही." मुलगी फुरंगटायची, पण थोरलीला खायला घालायची वेळ झाली की हीच पहिली हजर.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाबा माझ्यात पाणी घ्यायचे, काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून उडवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतात मास्तर?" मी सांगायचो, पस्तीस. कधी छत्तीस झालं तर पाणी वाफ होऊन उडालं, असा अर्थ. मीठ मागेच राहतं ना! मग ते टाकीत गोडं पाणी घालायचे. माझं काम झालं की मला गोड्या पाण्यानं धुवायचे आणि फडक्यावर पालथं ठेवायचे. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही तसंच खारट ठेवलं नाही. पाहुणे थोरलीला बघून वाहवा करायचे. बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "ही सगळी मास्तरांची कृपा." खोटं कशाला बोलू, मला तेव्हा भारी वाटायचं.

मग एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली कोसळले. परत घरी आले ते चाकांच्या खुर्चीत. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं पार गेलं होतं. डावा हात तेवढा थोडा उठायचा. मुलीनं खुर्ची टाकीसमोर लावली. थोरली दिसली आणि बाबांचा चेहरा जरा सैलावला. मुलीनं ते पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे व्हा. टाकीचं मी बघते. तुमच्या थोरलीला काहीही होऊ देणार नाही, शब्द देते."

आणि तिनं खरंच जीव लावला. ती बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचं काम करायची. आकडा नीट असला की सगळं नीट, असं तिचं मत. बाबांची एक जाड वही होती. कुठल्या वारी किती पाणी बदलायचं, दिवे कधी लावायचे, झोत किती ठेवायचा, सगळं त्यात लिहिलेलं. तिनं ती वही पाठ केली. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. मास्तरांना गोड्या पाण्यानं धुवायचं, हे बाबांनी कुठेच लिहिलं नव्हतं. हाताला सवयीच्या झालेल्या गोष्टी माणसं लिहून ठेवत नाहीत.

ती मोजून झालं की मला झटकायची आणि टाकीच्या झाकणावर ठेवायची. माझ्यातलं खारं पाणी वाळायचं आणि मीठ काट्यावर बसायचं. आधी बारीक कणी, मग पांढरा थर. काटा जड होत गेला. जड काटा पुरता उचलला जात नाही. पाण्यात मीठ पस्तीस असताना मी तेहेतीस दाखवू लागलो, मग एकतीस. बिचारी पोर घाबरून वही बघायची आणि मोजून मापून मीठ घालायची. मी सांगेन ते ती खरं मानत होती आणि मी रोज तिच्या तोंडावर खोटं बोलत होतो. मला कळत होतं हो! पण डबीला तोंड कुठून असणार?

हे अजून एका जिवाला कळत होतं. बाबांना. ते खुर्चीतून सगळं बघायचे. मुलगी मला झाकणावर ठेवून वळली की त्यांचा डावा हात उठायचा. बोट माझ्याकडे यायचं, मग स्टुलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे जायचं. मुलगी वळेपर्यंत बोट पेल्यावर असायचं. ती लगेच पेला त्यांच्या तोंडाला लावायची. बाबा मान फिरवायचे. "थोडं तरी घ्या ना बाबा, तुम्हीच मागितलंत ना?" मग ते प्यायचे. तिचं मन मोडवत नसावं. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, "तुमच्या बाबांना हल्ली पाणी फार लागतं बाई."

एकदा मी चुकून स्टुलाच्या कडेला राहिलो. बाबांनी किती वेळ लावून, कपाळावर घाम येईपर्यंत धडपडून मला पकडलं आणि पेल्यात बुडवलं. आहाहा! गोडं पाणी अंगाला लागलं. अजून थोडा वेळ तसाच राहिलो असतो तर काटा सुटला असता. तेवढ्यात मुलगी आली. तिनं पेल्यात मला पाहिलं आणि चटकन बाहेर काढलं. तिला वाटलं, बाबांचं डोकंही आता काम करेनासं झालं. "असं करायचं नाही बाबा, ते पाणी पोटात गेलं असतं तर?" असं लहान मुलाला सांगावं तसं ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तिनं वरच्या फळीवर ठेवलं, बाबांचा हात पोचणार नाही तिथे. त्या दिवसापासून बाबांनी हात उचलणं सोडलं.

थोरली आक्रसत चालली होती. आधी कडेच्या फांद्यांनी बोटं आत ओढून घेतली. मग एकेका फांदीचं मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला. मुलीनं झोत बदलला, उजेड कमी केला, पाणी बदललं. नवं पाणीही माझ्याच आकड्यावर कालवलेलं. शेवटी एका बाटलीत टाकीचं पाणी आणि पिशवीत मला घेऊन ती त्याच मासेवाल्या काकांच्या दुकानात गेली, जिथून बाबांनी मला आणलं होतं.

काकांनी मीठ मोजायच्या आपल्या यंत्रावर दोन थेंब टाकले, डोळा लावला आणि पुन्हा पुसून पाहिलं. म्हणाले, "अगं, हे त्रेचाळीसवर गेलंय."

"शक्यच नाही काका. मी आज सकाळीच मोजलंय. पस्तीस होतं."

काकांनी मला उजेडात धरलं. काट्यावर नख फिरवलं, पांढरा चुरा खाली पडला. "मोजून झालं की हे गोड्या पाण्यानं धुतेस ना? तुझे बाबा दर वेळी धुवायचे. माझ्या दुकानातसुद्धा आधी नळ कुठे आहे ते विचारायचे."

मुलीच्या डोळ्यांपुढे तो पेला आला असणार. काकांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि मीठ हळूहळू कसं उतरवायचं ते समजावलं. एकदम उतरवलं तर उरलेलेही दगावतील, असं दोनदा बजावलं.

घरी येऊन ती बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, तुम्हाला तहान नव्हती ना?" बाबांनी डोळे मिटले, उघडले. "मास्तरांना धुवायचं होतं." बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तुम्ही महिनाभर सांगत होता आणि मी तुम्हाला पाणी पाजत बसले," ती म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

तिनं मला गोड्या पाण्यात भिजवून काटा मोकळा केला आणि पुढचे बारा दिवस रोज थोडं थोडं मीठ उतरवलं. छोटे प्रवाळ सावरले. थोरलीची एकच फांदी उरली होती. चौथ्या दिवशी तिनं दोन बोटं बाहेर काढली. मुलीनं खुर्ची काचेला टेकवली आणि दोघं दुपारभर बघत बसली. नवव्या दिवशी ती बोटं नव्हती. बाराव्या दिवशी आकडा पस्तीसवर आला, अगदी खरा पस्तीस, आणि थोरली पुरती पांढरी झाली होती.

मुलीनं पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून बाबांसमोर धरली. आता ती पहिल्या इशाऱ्यावर उठून जात नाही, बोट थांबेपर्यंत थांबते. तिनं विचारलं, "थोरलीला बाहेर काढू का?" बाबांनी फार वेळ घेतला. एकेक अक्षर करत त्यांनी दाखवलं, "चूक माझी." ती म्हणाली, "नाही बाबा, माझी." दोघंही आपापल्या अंगावर घेत राहिली. खरा गुन्हेगार मी फळीवर बसून ऐकत होतो आणि मला त्या पुठ्ठ्यावरचं एक अक्षरसुद्धा दाखवता येत नव्हतं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. ज्यानं मोजता ते यंत्र वेळच्या वेळी धुवा आणि ते खरं बोलतं का, हे अधूनमधून दुसऱ्याकडून तपासून घ्या. घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याचा हात कुठून कुठे जातो ते शेवटपर्यंत बघा. त्याला वेड लागलं असं ठरवायची घाई करू नका. प्रवाळांना तर काहीच सांगता येत नाही, त्यांचं सगळं तुमच्या लक्ष देण्यावर असतं. थोरली त्या घरात सत्तावीस वर्षं जगली. तिला काही आजार नव्हता. ती अजून जगली असती.