उलटं सारवण

पहाटेच्या अंधारात कुणीतरी ओरडलं, "धरणी हलली," आणि तुळजाबाईनं ऐकलं, "धरण हललं." फरक तो केवढा, पण ज्याचं घर मुळशीच्या धरणाखाली नदीकाठी आहे त्याला तो फरक ऐकू यायचा नाही. पानशेत फुटल्याला काही फार वर्षं झाली नव्हती, आणि तेव्हा पुण्यात काय झालं ते इथल्या घराघरात ठाऊक होतं. तिनं लेकीला, तीन वर्षांच्या लीलाला, उचललं आणि अनवाणीच टेकडी गाठली. मागं कौलं खडखडत खाली येत होती.

उजाडल्यावर सगळे खाली उतरले. धरण जागच्या जागी होतं. भूकंप झाला होता तो तिकडे कोयनेला, इथवर आला तो त्याचा उरलासुरला हिसका. घरंही बहुतेक उभी होती. तुळजाबाईच्या घरात एवढंच झालं होतं, की मागच्या भिंतीतला एक दगड निसटून खाली पडला होता. तो पडला होता लीलाच्या वाकळेवर, नेमका उशापाशी.

मग काही दिवस अख्खी वाडी अंगणात झोपली. थंडी बोचायला लागली तशी माणसं एकमेकांची चेष्टा करत आपापल्या घरात शिरली. तुळजाबाईचा नवरा जयसिंग हातानं सगळं नीट करणारा गडी. त्यानं भिंत बांधून काढली, कौलं चाळली, आढ्याला टेकू दिला. पण तुळजाबाई उंबऱ्यापाशी गेली की तिचा पाय काही केल्या उचलत नसे. तो दगड तिनं पाहिला होता. तिनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि रात्री पेंढ्याच्या गंजीच्या आडोशाला लेकीला पोटाशी घेऊन ती पडून राहू लागली. झोप कसली, नुसती जमिनीला कान लावून पडायची.

वाडीत सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बाधा आहे, कुणी अंगारा आणून दिला. सासू सगुणाबाईनं तो निमूटपणे कोनाड्यात ठेवला आणि सगळ्यांना वाटेला लावलं. सुनेला बाधा-बिधा काही नाही, ती भ्यालीय, एवढंच तिचं म्हणणं. बाई तोंडानं फटकळ, पण सुनेला एकटी बसू देत नसे. सकाळी गरम पेज आपल्यासमोर प्यायला लावायची. मग चल म्हणून धरणाच्या भिंतीपर्यंत पायी न्यायची आणि ती भिंत डोळे भरून बघून घे म्हणायची. नदीवर धुणं धुताना बायकांत बसवून तोच भूकंप पुन्हापुन्हा सांगायला लावायची. सांगून सांगून तुळजाबाईला एक दिवस हसूसुद्धा आलं, कारण त्या पहाटे शेजारचा कुशाबा बैल सोडायला गेला आणि घाबरून नुसतं दावंच घेऊन पळाला होता. चालून अंग शिणायचं, पोटात भूक लागायची, जरा बरं वाटायचं. पण ते सगळं उंबऱ्यापर्यंत.

मग लीला खोकायला लागली. आधी पहाटेपुरती, मग दिवसाही. पौडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि पोरीला वाऱ्यात ठेवू नका म्हणून बजावलं. त्या दिवशी जेवून उठता उठता जयसिंग म्हणाला, "आजपासनं पोर आत निजंल. तू ये, न्हाईतर नगं येऊ."

आवाज चढवला असता तर ती भांडली तरी असती. तो शांतपणे म्हणाला आणि भाताच्या खळ्यावर निघून गेला. त्याचं चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं. पोर बाहेर राहिली तर खोकल्यानं जाईल आणि आत गेली तर तो दगड. बांधून काढलेल्या भिंतीत तो पुन्हा बसवला होता, तिनं बाहेरून ओळखला होता. दुपारभर तिला दुसरं काही दिसेना.

हाताला काहीतरी काम हवं, म्हणून तिनं शेण कालवायला घेतलं. भिंतीच्या कामात घरभर माती झाली होती, सारवायचं राहिलंच होतं. आता सारवण कसं करतात हे बायकांना सांगावं लागत नाही. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागं सरकत दाराबाहेर यायचं, म्हणजे ओल्यात पाय पडत नाही. पण आत जायचं कुणी? तुळजाबाई घराकडे पाठ करून अंगणातच बसली आणि तिथूनच हात मारत मागं सरकायला लागली.

हात उजवीकडे जाताना श्वास आत, डावीकडे येताना बाहेर, असं आपोआप होऊ लागलं. तिची नजर पुढच्या हातभर जमिनीपलीकडे गेली नाही. ओटा झाला, पडवी झाली. लीलाला तो खेळच वाटला. ती आईच्या पाठीमागं कोरड्या जागी जाऊन बसे आणि आई जवळ आली की हसत आणखी मागं सरके. अंगणात सूप घेऊन पाखडत बसलेल्या सगुणाबाईनं हे उलटं सारवण बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सून तेव्हा पाठीनं उंबऱ्याच्या आत सरकली होती.

सारवायला जागा उरली नाही तेव्हा तुळजाबाईनं मान वर केली. पाठीशी मागची भिंत, भिंतीत तो दगड, डोक्यावर आढं. समोर दारापर्यंत सगळं ओलंच ओलं. घराला दुसरं दार नव्हतं. लीलाला तिनं इतकं आवळलं की पोर कण्हली.

"आत्याबाई, मी आत घावले."

"व्हय, बघितलं म्या," बाहेरून सासू म्हणाली. "वाळंस्तवर बस. मी हितंच हाय."

मग तुळजाबाई रडली. इतके दिवस लेकीसमोर दाबून ठेवलेलं सगळं हुंदक्यांनी बाहेर आलं, आणि सासूनं तिला गप्प बस म्हटलं नाही. बाहेर सुपाचा आवाज चालूच राहिला. हळूहळू श्वास लांब झाला. लीला मांडीवर पेंगली. तुळजाबाईला आपली चूल दिसली, फणी-करंड्याची पेटी दिसली, हे आपलंच घर आहे असं कितीतरी दिवसांनी वाटलं. भीती होतीच, पण आता ती तिच्या शेजारी बसली होती, छातीवर नव्हती.

आणि उतरंडीतली मडकी किणकिणली.

बाहेर कुत्री भुंकली, कुणीतरी धावलं. "तुळजे, भाईर ये," सगुणाबाई ओरडली. सूप हातातून पडलं. वरून मातीचे बारीक कण गळले. तुळजाबाईचे पाय पळायला आसुसले. पण खाली ओलं सारवण होतं. पळालं तर घसरायचं आणि पोरीला घेऊन पडायचं, हे तिला त्या क्षणीही कळलं. तिनं लीलाचं डोकं आपल्या हाताखाली झाकलं, पाऊल टेकलं, मग दुसरं टेकलं. दार फार लांब होतं. ती अंगणात पोचली तेव्हा मडकी केव्हाच गप्प झाली होती.

जयसिंग खळ्यावरून धापा टाकत आला. बायको आणि लेक उभ्या बघून तो मटकन खाली बसला. सगुणाबाईनं त्याचा दंड धरून त्याला दारापाशी नेलं आणि बोट दाखवलं. मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत पावलं उमटली होती, टाचेसकट, एकही घसरलेलं नव्हतं.

"पळाली न्हाई ती," सगुणाबाई म्हणाली. "चालत आली."

दिवस कलला तसा जयसिंग गंजीपाशी गेला, वाकळ झटकली आणि लेकीला घ्यायला वळला. तुळजाबाईनं वाकळ त्याच्या हातून काढून घेतली. निजायचं तर दाराजवळ, भिंतीपासून लांब, आणि दार नुसतं लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही, असं तिनं बजावलं. तो बरं म्हणाला.

"वलं हाय अजून," सासूनं आठवण केली.

तुळजाबाईनं लीलाला कडेवर घेतलं आणि आणखी सारवण मोडू नये म्हणून आपल्याच पावलांवर पाय ठेवत ती आत गेली.