राखलेलं नाव

मखमलाबादच्या त्या मळ्यात खंडेराव हे नाव दोन बायकांच्या तोंडून कधी निघालं नाही. कलाबाईचा तो नवरा, म्हणून ती घेत नव्हती. मनीषाचा तो सासरा, म्हणून ती घेत नव्हती. माणूस मेला, वर्षश्राद्ध झालं, फोटोचा हार कितीदा बदलला, तरी नाही. आणि असल्या घरात कलाबाईनं काय करावं, तर झालेल्या नातीचंच नाव खंडेराव ठेवलं.

झालं असं, की म्हातारा गेला तेव्हा मनीषाला सहावा महिना होता. झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवता चढवता दम लागला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. दहाव्याला गोदेच्या काठावर बायका मनीषाच्या पोटाकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. म्हातारा कुठं जात नाही, तो परत येतोय, नाव शोधायचीसुद्धा गरज नाही. पोटातल्या जिवाला असं आधीच नाव चिकटलं, मिशांसकट. मग पिंपळगावला, मनीषाच्या माहेरी, पोरगी झाली. कलाबाई बघायला गेली, दुपटं उचलून खात्री केली, परत झाकलं आणि चहा न घेता बाहेर जाऊन बसली.

बारशाला मात्र ती ठरवूनच आली. नाव फिरवायचं नाही, म्हणाली. पोरीला पोराचं नाव लावलं की पाठीवर भाऊ येतो, तिनं डोळ्यांनी बघितलेली दोन घरं आहेत. मनीषाच्या आईला हे काही रुचलं नाही, लोक हसतील म्हणाली. मनीषाला उलट भरून आलं. घरातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या पोरीला मिळतंय, एवढंच तिनं ऐकलं. पाठीवर भाऊ येण्याचं तिनं कानाआड केलं. आपल्याकडं पोरीला जे देतात ते परत घ्यायच्या बोलीवर देतात, हे कळायला तिला पुढं पाच वर्षं लागली.

पण ती पाच वर्षं, खोटं कशाला बोला, झकास गेली. नाव घेता येत नाही म्हणून मनीषा पोरीला चिमी म्हणायची. कलाबाई म्हणायची मालक. मालक उठले का, मालकांनी दूध सांडलं, मालकांच्या पाठीत एक धपाटा घाला. शर्ट-चड्डी, बारीक कापलेले केस, हातात बांगडी नाही. तिचा बाप महेश तिला पहाटे टेम्पोत पुढं बसवून फुलबाजारात घेऊन जायचा. तिथं सगळे व्यापारी तिला खंडेरावशेठ म्हणत. शेठ, आज शेवंती काय भावानं सोडता, असं कोणी विचारलं की ती तिला येणारा सगळ्यात मोठा आकडा सांगायची आणि बाजार हसायचा. ते हसणं वेगळं होतं. त्यात ती हसवणारी होती.

आणि चंपाषष्ठीला तळी. खंडोबाची तळी पाच पुरुषांनी उचलायची असते. खोबरं, सुपारी, भंडारा ठेवलेलं ताट, पाचांचे हात काठाला, येळकोट म्हणत तीनदा वर. घरात महेश, चुलतभाऊ दत्तू, शेजारचे दोघं, आणि पाचवी जागा म्हाताऱ्याची. कलाबाईनं त्या जागी पोरीला उभं केलं. नाव त्याचं तर मान पण त्याचा, म्हणाली. पहिल्यांदा महेशच्या कडेवरून, नंतर स्वतःच्या पायावर. पोरगी वर्षभर स्वयंपाकघरातली ताटली डोक्यावर धरून घरभर तळी उचलत फिरायची. भंडारा म्हणून मनीषाच्या डब्यातली हळद उधळायची आणि मार खायची.

यंदा पोरगा झाला. नाशकातल्या दवाखान्यातून मनीषा घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. कलाबाई दाराशी येऊन म्हणाली, "मालक उठले का?"

"मी तर कवाच उठले," पोरगी आतून म्हणाली.

"तू नाय गं. हे मालक." कलाबाई बाळाच्या दुपट्यावर वाकली.

पोरीनंपण वाकून बघितलं. मग तिनं मनीषाला विचारलं, की दोन मालक असतात का. मनीषा बाळाला पाजत होती. तिनं असतात म्हणून सांगितलं. ते खोटं आहे हे सांगतानाच तिला कळत होतं.

बारावा दिवस नेमका चंपाषष्ठीला आला. कलाबाईला तर देवानंच तारीख काढून दिल्यासारखं झालं. सकाळी तळी, दुपारी बारसं, आणि नाव तर ठरलेलंच. नणंद सुवर्णा आदल्या दिवशीच सिन्नरहून आली. बाळाला सोन्याचं बदाम, आणि भाचीला गुलाबी फ्रॉक, मोठ्या लेसचा. आता तिला पोरीचं छान नाव ठेवू, खुशी, असं सुवर्णानं बॅग उघडता उघडता सांगून टाकलं, जणू फ्रॉकबरोबर ते फुकट मिळालं होतं.

मनीषानं आधी नवऱ्याला धरलं. महेश म्हणाला, जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं आहे, खंडेराव नाव सांगितलं की पोरं तिचा जीव घेतील.

"हे पाच वर्षांमागं नव्हतं कळलं?"

"तेव्हा वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

महेशनं मोबाइलमध्ये शेवंतीचा भाव बघायला घेतला. तो काही वाईट माणूस नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. त्याला फक्त भांडण नको असायचं, आणि भांडण नको असलेला माणूस ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागं जाऊन उभा राहतो. दहा माणसांची नावं खोडून त्याच्या आईनं परत लिहिली असती तरी त्यानं भावच बघितला असता.

मग ती कलाबाईकडं गेली. कलाबाई चुलीपुढं भरताची वांगी भाजत होती. ओली बाळंतीण चुलीपाशी आलेली तिला आवडलं नाही.

"आई, पोराला दुसरं कायपण ठेवा. ते नाव तिचं हाय."

"तिचं कुठलं?" कलाबाईनं वांगं उलटलं. "तिनं राखलं. लय चांगलं राखलं, नाय म्हणत नाय मी. राखण करणाऱ्याच्या नावावर मळा लावतो का कोणी?"

"ती माणूस हाय, आई. बुजगावणं नाय."

"जा, डोक्याला बांध काहीतरी. वारं लागंल."

सकाळी तळी भरली. पोरगी फ्रॉक घालून सगळ्यांच्या आधी देवाऱ्यापुढं जाऊन उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी, महेशच्या उजव्या हाताला. लेस टोचत होती म्हणून ती गळा खाजवत होती. पुरुष जमले. तिनं ताटाच्या काठाला हात लावला, तशी कलाबाईनं तिचं मनगट धरून हात बाजूला केला, अगदी हळू, रागानं नाही. तिच्या मुठीत भंडारा दिला आणि सांगितलं, तू उधळ. पाचव्या जागी सुवर्णा बाळाला घेऊन उभी राहिली. झोपलेल्या बाळाची मूठ ताटाला टेकवली. त्याला ना खंडोबा माहीत ना ताट. येळकोट झाला, ताट तीनदा वर गेलं. पोरीनं भंडारा उधळला नाही. मूठ आवळूनच ती पडवीत जाऊन बसली. फ्रॉकला पिवळे डाग पडले म्हणून सुवर्णा वर तिलाच बोलली.

मनीषा हे खोलीच्या दारातून बघत होती. चिमे म्हणून तिनं एकदा हाक मारली, पण पोरीनं वळून बघितलं नाही.

दुपारी बायका जमल्या. भरीत-रोडग्याचं जेवण झालं, पाळण्याला झेंडूच्या माळा झाल्या, घुगऱ्यांचं पातेलं मधे आलं. मनीषा डोक्याला स्कार्फ बांधून खुर्चीत. पोरगी उंबऱ्यात. सुवर्णा पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. हसत, पदर सावरत ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खंडेराव."

"ओ," उंबऱ्यातून आवाज आला.

बायका अशा हसल्या की एकीला ठसका लागला. कोणी डोळे पुसले. पोरगीपण आधी हसली, सगळे हसतात म्हणून. मग एकेकीच्या तोंडाकडं बघत तिचं हसू थांबलं. सुवर्णा म्हणाली, अगं तू नाय, तू आजपासून खुशी. तशी दुसऱ्या एकीनं खुशी, खुशी म्हणून चुटकी वाजवून बघितली, पिल्लाला नवं नाव लावून बघतात तशी.

मनीषाच्या तोंडात ते नाव लग्नापासून अडून होतं. माहेरी कोणी चेष्टेत विचारलं, सासऱ्याचं नाव काय, तर तिनं बोटानं हवेत लिहून दाखवलं होतं. तळीला, लग्नपत्रिकेत, फोटोखाली, सगळीकडं ते होतं, फक्त तिच्या जिभेवर नव्हतं. ती खुर्चीतून उठली नाही. आवाजही चढवला नाही.

"खंडेराव," ती म्हणाली, "इकडं ये. माझ्याजवळ ये."

हसणं बंद झालं. घुगऱ्यांचा डाव पातेल्यात तसाच राहिला.

"मनीषा," कलाबाई म्हणाली, "सासऱ्याचं नाव घेतलंस तोंडानं. पाव्हण्यारावळ्यांत."

"सासऱ्याचं नाय घेतलं. लेकीचं घेतलं."

महेश दाराबाहेर चपला सारख्या करत होता. तो आत आला नाही.

पोरगी हलली नाही. हे नाव तिनं साऱ्या जगाच्या तोंडून ऐकलं होतं, आईच्या तोंडून कधीच नाही. तिनं आईकडं बघितलं, मग पाळण्याकडं.

"त्याला म्हणती ना तू?"

"नाय. तुला. तुलाच."

पोरीनं फ्रॉकची लेस बोटाला गुंडाळली. सोडली. परत गुंडाळली. बायका बघत होत्या, आणि त्या आता हसतील का, हे ती बघत होती.

"माझं नाव खुशी हाय," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. कलाबाईनं तिला जवळ घेतलं, सगळ्यांत आधी तिच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. "शहाणी गं माझी बाई," म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा बाई.

त्यानंतर कलाबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, पण शब्द नाही. सासऱ्याचं नाव घेणारी म्हणून गावात मनीषाची ओळख झाली. चार बायका नळावर तिला बघून कुजबुजायच्या, आणि त्या चौघींनाही पोरी होत्या. मनीषा थांबली नाही. खंडेराव, जेवायला चल. खंडेराव, आंघोळीचं पाणी काढलंय. रोज, मोठ्यानं. पोरगी ढिम्म. खुशी म्हटलं की यायची, चिमी म्हटलं तरी यायची. त्या हाकेला मात्र नाही. महेश तिला बाजारात न्यायचा बंद झाला होता. पोरीची जात, टेम्पोत कुठं फिरवायची, म्हणाला. आता ती आजीजवळ बसून गजरे ओवायला शिकत होती. हात चांगला आहे, कलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

वैशाखातली संध्याकाळ होती. पडवीत पाळणा टांगलेला, खाली पोरगी मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग घेऊन बसलेली. केस वाढून कानांवर आले होते. मनीषा मळ्यातून आली, डोक्यावरचं ओझं खाली टाकलं आणि नेहमीसारखी हाक मारली.

"खंडेराव."

पाळण्यातलं पोरगं वळलं. त्यानं बरोबर तिच्याकडं बघितलं आणि बोळकं भरून हसलं.

पोरीनं मान वर केली नाही. तिनं पुढची कळी सुईत घातली.

मनीषानं पुन्हा हाक मारली. पोरगं पाय झाडत आनंदानं ओरडलं, आणि पाळणा आपोआप हलायला लागला.