मागच्या खोलीचा रंग

सगळं घर रंगवून झालं होतं. राहिली होती फक्त मागची खोली, आणि ती राहण्याचं सगळं श्रेय आण्णांचं होतं. जुळे सोलापुरातलं त्यांच्या मुलाचं, कुमारचं, हे नवं घर. परवा वास्तुशांत. पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला, आणि मागच्या खोलीच्या भिंती अजून नुसत्या प्रायमरवर पांढऱ्याफटक उभ्या.

बाकीच्या घराचे रंग कसे धडाधड ठरले होते! सुनेनं, वैजयंतीनं, स्वयंपाकघराला बदामी घेतला, का तर फोडणीचे शिंतोडे दिसू नयेत. नात ऋतुजानं आपल्या खोलीला असा जांभळा निवडला की आत गेल्यावर वांग्यात शिरल्यासारखं वाटावं. हॉलच्या एका भिंतीवरून नवराबायकोत दोन दिवस अबोला झाला आणि शेवटी मोरपंखीवर तह झाला. मागची खोली मात्र आण्णा आणि त्यांची बायको मायाक्का यांची. "तितला रंग आण्णा सांगतील," असं कुमारनं कौतुकानं जाहीर केलं, आणि तिथंच घोडं अडलं.

आण्णा काही खुळे नव्हते. रंग सांगितला की खोली आपली झाली. खोली आपली झाली की राहायला यावं लागणार, आणि राहायला आलं की मंगळवेढ्याकडच्या माळावरची साठ मेंढरं विकावी लागणार. यातलं एक अक्षर कुमार बोलत नव्हता. तो नुसता रंग विचारत होता. लबाडीत पोरगं बापावरच गेलं होतं.

म्हणून आठ दिवस आण्णांनी दाद लागू दिली नाही. अक्कलकोटकडचा रंगारी बसू, त्यानं बिचाऱ्यानं शेडकार्ड दाखवून दाखवून हात टेकले आणि शेवटी भिंतीवरच पाच रंगांचे पाच पट्टे ओढले.

"आज्जा, आता तरी सांगा की. आज हात मारला तर परवापर्यंत वाळतंय."

"ह्यो लई भडक हाय."

"मग पिस्ता?"

"आजाऱ्यागत दिसतुय."

"आकाशी?"

"आकाश काय कमी बघितलंय व्हय आमी?" असं म्हणून आण्णा तरातरा फाटकापर्यंत गेले, रस्ता बघून परत आले, जिना चढून गच्चीवर गेले, गच्ची तापलेली म्हणून खाली आले. त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. नव्या फरशीवर आपली पावलं वाजतात याचाही त्यांना राग येत होता. मेंढरं पुतण्याच्या, रावजीच्या, भरवशावर सोडलेली. तो पोरगा चांगला, पण लंगडी मेंढी मागं राहिली तर त्याच्या ध्यानात येईल का, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. वैजयंती सकाळपासून तीनदा "मामा, बसा की जरा," म्हणाली होती. तिसऱ्यांदा तर ते तिच्यावर खेकसले, आणि मग दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

मायाक्का मागच्या खोलीतच रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसून होती. तिचे गुडघे गेले होते. गेल्या पावसाळ्यात मेंढरांचा तळ हलवताना ती दोनदा वाटेत बसली होती. दोन्ही वेळा आण्णा पुढं निघून गेले होते, कळप पुढं होता म्हणून. रंगाबद्दल ती काही बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुपारी कुमार ऑफिसातनं घाईनं आला. बसूला मोकळ्या हातानं बसलेला बघून त्याचं डोकं तडकलं.

"आण्णा, शेवटचं इचारतो. कंचा रंग?"

"ऱ्हाऊ दे की पांढरंच," आण्णा म्हणाले. आणि आठ दिवस दाबून ठेवलेलं तोंडातनं निसटलं. "आमी काय हितं कायमचं ऱ्हानार हाय व्हय? आमाला माळच बरा."

कुमारचा चेहरा उतरला. बसूनं नजर खाली घातली. आण्णांना वाटलं, सुटलो एकदाचा.

"बसू, त्यो गुलाबी मार," मायाक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती भिंतीला धरून उठली आणि खालच्या पट्ट्यावर तिनं तळवा टेकला. "ह्यो. चारी भिंतींना."

"अगं, तुला काय कळतंय?" आण्णा म्हणाले. "मग मेंढरं कोन बघंल?"

"तुमी बघा की. म्या कुटं आडवलंय? चाळीस वर्सं तुमी म्हनला तितं चूल मांडली. कुमार वाटंवर झाला, तिसऱ्या दिवशी उठून चालली तुमच्या मागनं. कदी न्हाय म्हनलं का? ही खोली माजी हाय. मला हितं ऱ्हायाचंय."

आवाज चढलेला नव्हता. ती भांडलीही नाही. आण्णांनी आठ दिवस येरझाऱ्या घालताना 'आमी' सोडून दुसरा शब्द मनात आणला नव्हता, आणि त्या 'आमी'तली ही बाई इथं बादलीवर बसून गुलाबी रंग बघत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बसूनं डबा उघडला. रोलर बुडवला आणि पहिला हात खिडकीशेजारी फिरवला. कुमार बापाकडं न बघता बाहेर निघून गेला.

आण्णा दारात उभे होते. तळ कुठं टाकायचा, कधी हलवायचा, हे आयुष्यभर त्यांनी ठरवलं होतं. बायकोला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"आन म्या?"

मायाक्का भिंतीकडेच बघत होती.

"या की कवाबी. दार उगडंच हाय," ती म्हणाली. "पर मला न्यायला येऊ नगा."