चिकटपट्टीवरचं नाव

घोडेगावच्या बाजारात बाबाजानला न विचारता बैल घेणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर दीडशहाणा. जबडा उघडून वय सांगावं, चाल बघून खोड सांगावी, आणि स्वतःचा बैल विकतानाही ती खोड आधी सांगावी, अशी त्याची ख्याती. कम्प्युटरमधलं मात्र ओ का ठो कळत नाही. तरी लेक तमन्ना नगरला नेटवर्किंगचा कोर्स करायला लागली तसा गडी भेटेल त्याला सांगत सुटला, "एका कम्प्युटरचं बोलनं दुसऱ्याला पोचवायचं काम हाय. लई डोक्याचं!" त्यावर कुणी "म्हंजी वायरमन व्हय?" म्हटलं, की याचं टाळकं सरकायचं.

वर्ष सरलं आणि शेवटची परीक्षा आली. हनुमंत सरांची रीतच न्यारी, परीक्षा वर्गात घ्यायची नाही. सूर्यभानच्या दूध डेअरीत नवं नेटवर्क टाकायचं होतं. बारा पोरापोरींनी आठवडाभर खपून वायरी ओढल्या, टोकं बसवली. गुरुवारी सगळं सुरू करायचं आणि त्यावर मार्क. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब येणार होते. जो पहिला येईल त्याला तिथल्या तिथं नोकरी. आदल्या दिवसापर्यंत तमन्ना पहिली होती आणि आवेज नावाचा पोरगा चार मार्कांनी मागं. बाबाजान तिला टेम्पोतून घेऊन आला. "आत येऊ नका हं, अब्बा," असं तिनं बजावलं होतं, म्हणून तो दारात उभा राहिला. दारातून सगळं दिसत होतं, ही गोष्ट वेगळी.

बटण दाबलं. ऑफिसातले कम्प्युटर लागले, पण दूध मोजायच्या काट्याजवळचा काही केल्या ऑफिसशी बोलेना. बाहेर दुधाच्या कॅनची रांग. सूर्यभान मुळात तापट; तो काट्यावरच्या म्हाताऱ्या मच्छिंद्रवर घसरला.

"काल फरशी धुताना पानी उडवलंस ना मशीनवर? लावलीस ना वाट? उद्यापासनं येऊ नको कामाला!"

मच्छिंद्र बिचारा नुसता "न्हाई वो, न्हाई वो" करत राहिला.

"तमन्ना, तू बघ," सर म्हणाले.

तमन्नानं मशीनला हातच लावला नाही. भिंतीपासून वायरीचा माग काढत गेली आणि टोकांना टेस्टर लावला. टेस्टरवरचे दिवे क्रमानं लागायला हवेत, तर दुसऱ्याच्या जागी तिसरा लागला. आत दोन तारांची अदलाबदल झाली होती. कुणी कुठलं टोक बसवलं ते कळावं म्हणून सरांनी प्रत्येकाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावायला सांगितलं होतं. तिनं टोक उलटं करून नाव वाचलं. 'तमन्ना.' तिनं पटकन मूठ मिटली.

ती मूठ बाबाजानला लांबूनही कळली. रुमालाखाली बोटं धरून सौदे करण्यात ज्याची हयात गेली, त्याला हात काय लपवतोय ते कळणार नाही तर कुणाला? चूक पोरीचीच होती. टोक छाटायचं, नवं बसवायचं, दोन मिनिटांचं काम; घरी सराव करताना त्यानं तिला कितीदा तरी बघितलं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. आणि खरं सांगू का, त्या घडीला हा खोड सांगून बैल विकणारा माणूस मनातल्या मनात म्हणाला, 'छाट, बेटा. गुमान छाट.'

"सर," तमन्ना म्हणाली. अख्ख्या डेअरीला ऐकू गेलं. "मशीन चांगलं आहे. मच्छिंद्रकाकांचं काही चुकलं नाही. हे टोक माझं आहे. त्या दिवशी शेवटच्या एसटीच्या घाईत मी तपासलंच नव्हतं."

मग तिनं छाटलं. नवं टोक बसवलं, दिवे क्रमानं लागले आणि ऑफिसच्या पडद्यावर दुधाचा आकडा उमटला. सरांनी सहा मार्क कापले. आवेज पहिला आला, नोकरी त्याला गेली. मच्छिंद्रनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टेम्पोत तमन्ना घळाघळा रडली. बाबाजानला तिची समजूत काढता येईना. त्याची त्यालाच लाज वाटत होती, आणि छाती तर अशी भरून आली होती की गिअर टाकायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो भर बाजारात पेढे वाटत फिरला. गोरक्ष म्हणजे त्याच्यासारखाच जुना व्यापारी. त्यानं हटकलं, "लागली वाटतं पोरीला नोकरी?"

"न्हाई. हुकली." बाबाजाननं घडलेलं सगळं सांगितलं.

"मंग पेढे कशाचे, येड्या?"

भोवती गिऱ्हाइकं उभी होती. एका बैलजोडीचा सौदा अर्ध्यावर आला होता. बाबाजाननं आवाज जराही खाली आणला नाही.

"तिच्या जागी मी असतो ना गोरक्ष, तर गुमान छाटून मोकळा झालो असतो. चाळीस वरसं तुमी मला खरा मानूस म्हनता. आमच्या घरात खरा मानूस काल झाला. धर, पेढा धर."