चारही खटके

डोंगराच्या वरच्या टोकाला मी स्कीवाल्यांना वर आणणारी खुर्च्यांची लिफ्ट सांभाळते. खुर्चीवरून माणूस उतरला की चेहऱ्याआधी मी त्याचे गुडघे बघते. खोडच लागलीय. माझा उजवा गुडघा शर्यतीत गेला. मी पडले, बुटाला धरून ठेवणारा खटका सुटलाच नाही, स्की एकीकडे वळली नि तिच्यात अडकलेला पाय पिरगळला. तेव्हापासून लंगडतेय.

त्या रविवारी प्रांताच्या संघाची निवड होती. आमची लेक व्रोनी सोळाची. गेल्या वर्षी वरच्याच वळणावर तिची स्की सुटून गेली नि हातातोंडाशी आलेला घास गेला. वर्षभर घरात दुसरा विषय नाही.

ती लिफ्टवरून उतरली, मी सवयीनं वाकले, तर खटक्यावरचा काटा नऊवर. दुकानात तिचं वजन-उंची बघून, पडली तर सुटेल इतपत, सहावर लावून दिला होता.

"हे कोणी आवळलं?"

"बाबांनी. आई, आता सुरू होऊ नकोस."

माझा नवरा वेंडेलीन खाली वेळ नोंदवायला बसला होता. मी वायरलेस उचलला.

"अरे, अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"सगळेच आवळतात, बुर्गी. स्की सुटली की शर्यत संपली."

"आणि नाही सुटली की पाय संपला."

"तुझ्या गुडघ्याचं रडगाणं पोरीच्या गळ्यात बांधू नकोस. लोक ऐकतायत."

"ऐकू देत," म्हटलं आणि वायरलेस खिशात टाकला.

सुरुवातीच्या फाटकाशी दोरीला एक स्क्रूड्रायव्हर टांगलेला असतो, ज्यानं त्यानं आपला खटका शेवटचा बघून घ्यावा म्हणून. बहुतेक जण तो आवळायलाच वापरतात. मी तो ओढून घेतला, तशी व्रोनी पाय मागे घेऊन उभी राहिली.

"यंदाही सुटली ना, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." डोळे भरले होते तिचे.

"नको बोलूस. स्की काढ."

मी बर्फात बसले. पुढचे, मागचे, चारही खटके परत सहावर आणले. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. आपण पोरीचं वाटोळं तर करत नाही ना, हेच डोक्यात.

ती गेली आणि लगेच धुक्यात दिसेनाशी झाली. मी वायरलेस कानाशी धरून बसले.

"पाचव्या झेंड्याशी पडली," वेंडेलीनचा आवाज आला. "तिथला पंच ओरडला, स्की सुटलीय."

"आणि ती?"

मी बटण पुन्हा दाबलं.

"वेंडेलीन, ती कशी आहे?"

"धुकं आहे गं. त्यालाही पुढचं दिसत नाहीये." मघाचा तोरा त्याच्या आवाजात राहिला नव्हता.

मी लिफ्ट थांबवली आणि कुंपणाला धरून उतरू लागले. थोडंच उतरले असेन, तर ती समोरून चढत येताना दिसली, दोन्ही स्की खांद्यावर. माझ्यासमोर तिनं त्या बर्फात फेकल्या.

स्की सुटली म्हणून ती पडली, की पडली म्हणून सुटली? माझ्यामुळे? ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, स्की तिथंच टाकून वर निघून गेली.

मी तिच्या पायांकडे बघत उभी राहिले. रागानं दोन्ही पाय सारखेच आपटत चालली होती.