खिशातली साधी रोपं

जावईबापूंना 'जावईबापू' हे नाव थोरलीने ठेवलं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांची एकुलती एक मुलगी पदरात पडली आणि वर्ष उलटायच्या आत हे गृहस्थ तिथेच खिडकीजवळच्या टेबलावर येऊन बसले. त्यांना दुसरं काय म्हणायचं? अर्थात ते पाठीमागे. समोर आल्या आल्या त्यांनीच सांगून टाकलं होतं, "दोन-दोन सर कशाला? मला आपलं दादा म्हणा." सगळे म्हणायला लागले. थोरलीने त्या दिवसापासून त्यांना काहीच म्हटलं नाही. 'अहो' सुद्धा नाही.

थोरली घरातही थोरली आणि इथेही. घरी पाठच्या दोघांचे संसार थाटून झाले, इथे मागून आलेली पोरं पदव्या घेऊन चालती झाली, आणि ही आपली अजून रोपांना पाणी घालतेय. आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "झालं का गं तुझं?" आता मात्र खरोखरच होत आलं होतं. प्रबंध लिहून तयार होता. बाहेरच्या एक परीक्षक बाई काम बघायला येणार होत्या. त्यांचं समाधान झालं की पदवी, नाही झालं की पुन्हा पाणी.

काम काय, तर रोपाला तहान लागली की मुळाच्या टोकाशी एक जनुक जागं होतं, असं सरांचं म्हणणं. जनुक जागं झालेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जनुकाचं फक्त बटण घ्यायचं, जंतूकडून उसन्या आणलेल्या एका एन्झाइमला ते जोडायचं आणि ही जोडी रोपात घालायची. बटण दाबलं गेलं की एन्झाइम तयार होतं. मग ते रोप बिनरंगी द्रावणात बुडवून उबदार पेटीत ठेवायचं. जिथे एन्झाइम असेल तिथे द्रावण फुटून निळा रंग उतरतो. बंद खोलीत कोण जागं आहे हे दाराखालच्या उजेडावरून कळतं ना, तसंच.

पण त्यासाठी खोलीत दुसरा कुणी दिवा लावून बसलेला नसावा. म्हणून बी स्वच्छ धुऊन, जंतू मारून, झाकलेल्या काचेच्या थाळीत उगवायचं असतं. जावईबापूंना धुण्याचा कंटाळा. कॉफीचा कपसुद्धा ते दुसऱ्याच्या नळाखाली ठेवून जात, तिथे बियांची काय कथा! ते सरळ सिंकशेजारच्या ट्रेमध्ये मातीत बी पेरायचे. रंग उतरला नाही तर रोपं आणखी एक दिवस पेटीत ठेवायचे, तरी नाही तर आणखी एक दिवस. "येतो, येतो. घाई करू नये," असं म्हणत ते पेटीवर थोपटायचे, आणि अखेर कुठेतरी काहीतरी निळं दिसलं की तेवढ्याचाच फोटो. मग तो फोटो सासरेबुवांच्या खोलीत जायचा, सर चष्मा वर करून "वा!" म्हणायचे, आणि थोरली बाहेर दात-ओठ खात उभी राहायची. सरांचाही तिला राग यायचा. इतका शिकलेला माणूस, आणि जावयाने काहीही पुढे केलं की नंदीबैलासारखी मान हलवतो!

यात एक गोष्ट नव्याने आलेल्या पोरालाही माहीत असते. ज्यांच्यात काहीच घातलेलं नाही अशी साधी रोपंही त्याच द्रावणात बुडवायची. ती पांढरी राहिली, तरच शेजारच्या निळ्याला अर्थ. थोरलीने जावईबापूंना ते आले त्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"केलीत मी ती," जावईबापू म्हणाले होते. "पांढरीशुभ्र! तुम्ही नका वेळ घालवू."

आणि गंमत बघा. ज्या माणसाने दुपार झाली म्हटलं तरी थोरलीने खिडकीतून डोकावून खात्री केली असती, त्याचं एवढं एक वाक्य तिने मुकाट्याने मान्य केलं. कारण उघड होतं. त्यात तिचे कष्ट वाचत होते.

परीक्षक बाई यायच्या आदल्या दिवशी तिला ते आठवलं. तिने साध्या रोपांचा फोटो मागितला.

"पांढऱ्याचा कसला फोटो काढायचा?" जावईबापू हसले. "तुम्हाला ना, नाकाने कांदे सोलायची सवयच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिने त्याच ट्रेमधली साधी रोपं उपटली, लहानशा झाकणाच्या नळीत द्रावण घालून बुडवली आणि पेटीत ठेवली. बैठकीची वेळ झाली तेव्हा नळी काढून उजेडात धरली. मुळांच्या टोकांना निळसर झाक होती. अगदी फिकट, पण होती.

पहिल्यांदा तिला झाला तो आनंदच. सापडला! मातीतले जंतू मुळांना चिकटून बसले होते आणि त्यांच्याकडे तेच एन्झाइम घरचंच होतं. रोपाच्या जनुकाचा काही संबंधच नाही. जावईबापूंचे सगळे फोटो म्हणजे न धुतलेल्या मुळांचे फोटो! भर बैठकीत ही नळी टेबलावर ठेवायची आणि त्यांचं तोंड बघायचं. एवढ्या वर्षांचं उट्टं एका क्षणात निघणार होतं.

ॲप्रनच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात तिने नळी टाकली. जिना चढता चढता तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्या प्रबंधाचा अर्धा भाग याच ट्रेमधल्या मुळांवर उभा आहे.

परीक्षक बाई शांत होत्या. वायफळ कौतुक नाही, उगाच खोड काढणं नाही. या इमारतीत पाऊल ठेवलेल्या माणसांपैकी थोरलीला मनापासून आवडलेल्या त्या पहिल्याच. जावईबापूंनी पडद्यावर निळी मुळं दाखवली, बराच वेळ अक्कल पाजळली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साधी रोपं पाहिलीत?"

जावईबापूंनी क्षणाचाही विलंब न लावता बोट दाखवलं. "ते यांच्याकडे होतं."

सगळे थोरलीकडे वळले. सरही. तिचा हात खिशात गेला. नळी कोमट लागली.

"पाहिली," ती म्हणाली. "आज सकाळीच."

"आणि?"

इतकं फिकट होतं. त्याला काय निळं म्हणायचं? दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

"पांढरी आहेत."

"तुम्ही स्वतः पाहिलीत ना, मग प्रश्नच नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. त्यानंतर किती वेळ काय काय बोलणं झालं, थोरलीच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटी बाईंनी हात पुढे करून तिचं अभिनंदन केलं. तो हात हातात घेताना तिला स्वतःची किळस आली.

खाली येऊन ती सिंकपाशी उभी राहिली आणि नळी बाहेर काढली. मुळं निळीगर्द झाली होती. पेटीची ऊब काय, आणि माणसाच्या अंगाची ऊब काय, दोन्ही सारखीच! बैठक चालू असताना खिशात काम थांबलंच नव्हतं.

मागे पावलं वाजली. जावईबापू दोन कप कॉफी घेऊन आले होते. त्यांनी नळीकडे पाहिलं. एरवी दहादा समजावूनही काही न कळणाऱ्या या माणसाला हे मात्र एका नजरेत कळलं. एक कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"सिंकमध्ये ओतू नका," ते हळूच म्हणाले. "डाग राहतो. माझीही साधी रोपं अशीच निळी झाली होती, तेव्हा घासून घासून पुरेवाट झाली होती."

थोरलीने नळीचं झाकण घट्ट लावलं.

"कचऱ्याचा डबा कुठेय, दादा?" तिने विचारलं.