पाठमोऱ्या मुलीचा होकार

बसा हो, उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही. लांबण लावणार नाही, पण मावशीची एक भानगड तुम्हाला सांगायचीच आहे. ऐकून पस्तावलात तर खुशाल दोन शिव्या घाला.

मावशी म्हणजे डबिंगवाली. परक्या भाषेतले सिनेमे आपल्या भाषेत येतात ना, त्यातल्या पोरींना ही आवाज देते. वय अठ्ठावन्न, केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण माइकसमोर तोंड उघडलं की थेट विशीतली पोर. नवरा म्हणतो, "हिचा आवाज अजून कॉलेजात जातो, गुडघे मात्र कधीच रिटायर झाले."

त्या दिवशी कामाला होता तरण्या पोरापोरींचा सिनेमा. फोनवर ओळख होते, भेटीगाठी होतात, आणि सहाव्या भेटीत पोरगी त्याच्या खोलीवर जाते. पुढं काय ते तुम्हाला कळतंय, मला खुलवून सांगायला लावू नका.

आता या धंद्याची एक गंमत ऐका. डबिंगमध्ये सिनेमा सरळ चालत नाही. ज्याला जशी सवड, तसे त्याचे तुकडे उरकायचे. सिनेमातल्या मैत्रिणीचं काम करणारी बाई दुपारी निघणार होती, म्हणून शेवटाकडचा सीन सकाळीच घेतला. त्यात पोरगी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असते. मैत्रीण विचारते, "मग तू गेलीस कशाला त्याच्याकडं?" आणि ही म्हणते, "गेले होते गं. पण मी हो म्हटलंच नव्हतं."

हे एवढंसं वाक्य, पण मावशीनं सात वेळा केलं. कधी रडकं व्हायचं, कधी भांडकं. सातव्या वेळी नुसतं सांगितल्यासारखं बाहेर पडलं, तेव्हा काचेपलीकडचा मास्तर म्हणाला, "हे घ्या." मास्तर म्हणजे डबिंगचा डायरेक्टर, चाळिशीचा, मनानं बरा, पण सदा घोड्यावर बसलेला. त्याच्या शेजारी बटणराव, म्हणजे रेकॉर्डिंगवाला. तोंडानं कमी आणि बोटांनी जास्त बोलणारा माणूस.

दुपारी खोलीतला सीन आला. पोरगा खांद्यावर हात ठेवून विचारतो, "चालेल ना?" पोरगी भिंतीकडं तोंड फिरवते. पडद्यावर तिची मान, सैल झालेली वेणी आणि भिंतीचा पोपडा. अकरा सेकंद.

मावशीसमोरच्या कागदावर त्या जागी लिहिलं होतं, "हं... हो."

ओठ दिसत असले की लिहिणाऱ्याला शब्द त्या ओठांत बसवावे लागतात. माणूस पाठमोरं झालं की रान मोकळं, हवं ते घुसवा. त्यात डबिंगवाल्यांना रिकाम्या जागेची भारी धास्ती. अकरा सेकंद कुणी बोललं नाही तर बघणाऱ्याला वाटेल आवाजच गेला! म्हणून लिहिणाऱ्यानं भोक बुजवावं तसा तिथं एक शब्द भरला होता. त्याच्या मनात पाप नव्हतं हो, हाताची सवय.

मावशीनं बांगड्या काढून ठेवल्या होत्या, किणकिण नको म्हणून. कागदाजवळ वाकली आणि एका दमात म्हणाली, "हं... हो."

"वा मावशी! काय लाजलात!" मास्तर खूश.

मावशी पाणी प्यायला बाहेर आली. अर्धा पेला रिचवला आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. सकाळी आपणच काय बोललो? आणि आत्ता काय बोललो? आता सिनेमा सलग लागला की बघणारा म्हणणार, ही तर खोटारडी! स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली आणि आता मैत्रिणीपुढं कांगावा करते. त्या पोरीला खोटं पाडलं कुणी, तर मावशीनं. तिच्याच गळ्यातनं.

पेला तसाच ठेवून ती आत गेली. "मास्तर, तो हो पूस."

"का? झकास झालाय की."

"झकास झालाय म्हणूनच. बटणराव, हा तुकडा आणि सकाळचा ओट्याजवळचा, एकामागं एक लावा बघू."

बटणरावानं लावले. दोन्हीकडं आवाज मावशीचाच. मास्तरनं मान खाजवली.

"अहो पण मावशी, ती गप्प आहे म्हणजे हरकत नाही असंच ना?"

"तुझी बायको गप्प बसली की घरात काय असतं रे?"

बटणराव खुर्चीतल्या खुर्चीत हसला. मास्तर म्हणाला, "तेव्हा... मी विचारतो ना, काय झालं म्हणून."

"दोनदा?"

"दहादा विचारतो."

"मग या पोरानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, एवढाच हा सिनेमा आहे. तूच ती जागा बुजवलीस तर उरलं काय?"

मास्तर कळवळला. "कागद वरच्या साहेबांनी पास केलाय हो. शब्द हलवला तर माझी खरडपट्टी निघेल. आणि पुढच्या कामाला ते तुम्हाला बोलावतील असं मी तरी छातीठोक सांगू शकत नाही."

आता ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मावशीच्या घराचा निम्मा गाडा या आवाजावर चालतो, आणि विशीतला आवाज किती दिवस टिकणार हे तिचं तिलाच ठाऊक. ती स्टुलावर बसली. बांगड्या हातात घेतल्या, घातल्या मात्र नाहीत.

"नाही बोलावलं तर बसेन घरी," ती म्हणाली. "पण हा हो माझ्या आवाजात जाणार नाही. दुसरी कुणी आण."

ती ओरडली असती तर मास्तर ओरडला असता. ती ओरडलीच नाही, तिथं त्याचं घोडं अडलं.

मग बटणराव, ज्याच्या तोंडून दिवसात चार शब्द निघत नाहीत, तो म्हणाला, "मूळ सिनेमात तिथं तिचा श्वास आहे. मावशींनी नुसता श्वास द्यावा. आवाज गेला असं नाही वाटणार."

मास्तर म्हणाला, "कसला श्वास द्यायचा? घाबरल्याचा की—"

"ते तू सांगू नकोस, बाळा."

मावशी माइकसमोर उभी राहिली. समोर कागद नाही. पडद्यावर ती मान, ती वेणी, ती भिंत. पोरगा म्हणाला, "चालेल ना?" आणि मावशीनं अकरा सेकंद श्वास घेतला. तिसऱ्या सेकंदाला तो थांबला, नवव्याला परत सुरू झाला. बस.

काचेपलीकडं मास्तर खाली बघत होता. मग त्यानं पेन काढलं, कागदावरचा हो खोडला आणि शेजारी आपली सही ठोकली.

आठवड्यानं वरून फोन आलाच, तिथला आवाज गेलाय म्हणून. मास्तर म्हणाला, "गेलेला नाही, साहेब. तिथं ती बोललेलीच नाही." खरडपट्टी निघायची तेवढी निघाली. पण जागा तशीच राहिली.

तर हा सिनेमा कधी तुमच्या घरी लागेल. पोरगी भिंतीकडं तोंड फिरवेल. तेव्हा शेजारचा कुणी तुम्हाला कोपर मारून विचारेल, "काय म्हणाली ती?" माझं एवढं ऐका, तिच्या वतीनं त्याला काही सांगू नका.